ईएफ-एम बंद झालं, आता एम ५० चं काय करायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशिकला राहता. २०१९ साली कॅनन एम ५० घेतला, म्हणजे कॅननच्या ईएफ-एम माउंटचा कॅमेरा (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते ती जागा), त्यासोबत १५-४५ आणि ५५-२०० या दोन लेन्स आल्या. पुढे २२ मिमी एफ/२ आणि सिग्माची १६ मिमी एफ/१.४ घेतली. वापर म्हणजे शनिवार-रविवारचे किल्ले, घरात चार वर्षांची मुलगी, आईच्या रेसिपींचे व्हिडिओ आणि नात्यातलं एखादं बारसं. मित्र सांगतोय, "सिस्टिम मेली, भाव येतोय तोवर सगळं विक आणि आर ५० घे." आर ५० म्हणजे कॅननच्या नव्या आरएफ माउंटचा कॅमेरा. तुमचं मन होत नाही. उलट कॅननची ३२ मिमी एफ/१.४ सेकंड हँड मिळतेय तर घ्यावी असं वाटतंय. तुम्ही विचारलंय की राहू की जाऊ, आणि राहिलो तर ती ३२ घेऊ का.

उत्तर आधी देतो. राहा. ३२ मात्र आत्ता घेऊ नका, ते पैसे दुसऱ्या बॉडीसाठी बाजूला ठेवा. हे असं का, ते सांगायला जरा वेळ लागेल. हाच प्रश्न माझ्याकडे स्टुडिओत येऊन बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

मी चिपळूणला बावीस वर्षं फोटोग्राफी करतोय. लग्नांसाठी माझे कॅमेरे वेगळे आहेत, पण एम ५० निघाला तेव्हापासून, म्हणजे २०१८ पासून, माझ्या रोजच्या पिशवीत तोच असतो. तुमच्या चारपैकी तीन लेन्स माझ्याकडेही आहेत.

"सिस्टिम मेली" म्हणजे नेमकं काय झालं ते आधी बघू. पहिला ईओएस एम २०१२ ला आला. पुढच्या अकरा वर्षांत कॅननने या माउंटला स्वतःच्या फक्त आठ लेन्स दिल्या. एम ५० आला त्याच वर्षी, २०१८ मध्ये, कंपनीने आरएफ हा नवा माउंट काढला, तेव्हाच आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात पाल चुकचुकली होती. २०२० चा एम ५० मार्क २ ही शेवटची बॉडी. २०२२ ला आर ७ आणि आर १० आले, म्हणजे एम ५० मध्ये आहे तसा छोटा सेन्सरही आरएफमध्ये गेला, आणि २०२३ मध्ये ईएफ-एमचं दुकान अधिकृतपणे बंद झालं. या सगळ्यात तुमच्या हातातल्या कॅमेऱ्याच्या फोटोत काडीचा फरक पडलेला नाही. चोवीस मेगापिक्सेल चोवीसच आहेत, आणि हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर २२ मिमी जसा रेखीव फोटो द्यायची तसाच देते. जे थांबलंय ते म्हणजे नव्या बॉडी, नव्या लेन्स, आणि यापुढे हळूहळू सुटे भाग आणि बॅटऱ्या. तेव्हा खरा प्रश्न असा आहे की ही टंचाई तुम्हाला कुठल्या क्रमाने भिडणार, आणि त्या क्रमाने तुम्ही तयारी केली आहे का. माझ्या अनुभवात आधी बॅटरी, मग बॉडी, आणि लेन्स सगळ्यात शेवटी. लोक तयारी नेमकी उलट्या क्रमाने करतात. माउंट बंद झाला की घाबरून लेन्स गोळा करत सुटतात.

हे मी अनुभवावरून सांगतोय. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझ्या तळमजल्यावरच्या स्टुडिओत खाली ठेवलेलं काही वाचलं नाही. आदल्या रात्री सेन्सर साफ करायला म्हणून एम ५० ची बॉडी काढली होती आणि खालच्या कपाटात ठेवली होती. लेन्सचा डबा माळ्यावर होता. पाणी ओसरल्यावर चिखल तुडवत आत गेलो तर बॉडीच्या बॅटरीच्या खणातून गढूळ पाणी गळत होतं, आणि माळ्यावरच्या लेन्स मात्र कोरड्या ठणठणीत. त्या संध्याकाळी मी २२ मिमी हातात घेऊन तिची फोकसची रिंग फिरवत बसलो होतो. रिंग फिरते, पण आतली काच जागची हलत नाही. या लेन्समध्ये रिंग फक्त इशारा देते, काच हलवते ती मोटर, आणि मोटरला वीज मिळते बॉडीकडून. उजेड आत घेणाऱ्या छिद्राचं, म्हणजे ॲपर्चरचंही तसंच, अंगावर त्याची रिंगच नाही. म्हणजे बॉडी नसेल तर ईएफ-एमची लेन्स ही नुसती डबी आहे, तिला फोकसही करता येत नाही. चांगल्या चार लेन्स आणि त्या बसवायला एकही बॉडी नाही, ही अवस्था मी तीन महिने काढली आहे.

"मग त्या लेन्स आर ५० वर ॲडॅप्टर लावून वापरेन," असं तुमच्या मनात आलं असेल. बऱ्याच जणांच्या येतं. ते होत नाही. का होत नाही हे नीट समजलं की पुढचे अर्धे निर्णय आपोआप सुटतात.

प्रत्येक माउंटचं एक ठरलेलं अंतर असतं, लेन्स जिथे टेकते त्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं. कॅननच्या जुन्या ईएफचं ४४ मिमी. ईएफ-एमचं १८. आरएफचं २०. लेन्स तिच्या ठरलेल्या अंतरावर बसली तरच दूरची वस्तू फोकसमध्ये येते. ईएफ लेन्स एम ५० वर लावायची तर मध्ये ४४ वजा १८, म्हणजे २६ मिमीची पोकळ नळी घालायची. तोच तो ॲडॅप्टर. पण ईएफ-एमची लेन्स आरएफ बॉडीवर लावायची तर १८ वजा २०, म्हणजे उणे दोन मिमीची नळी पाहिजे. उणे जाडीची नळी कुणी बनवू शकत नाही. आणि दोन मिमी म्हणजे किती, असं वाटत असेल तर ढोबळ गणित करून बघा. तुमची २२ मिमी लेन्स दोन मिमी जास्त पुढे बसली, तर जास्तीत जास्त सव्वीस सेंटीमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसेल. वीतभर. वीतभर अंतरावरचं फूल दिसेल, त्याच्यामागचा किल्ला कधीच फोकसला येणार नाही. ५५-२०० पूर्ण २०० ला नेली तरी वीस मीटरच्या पुढचं सगळं धूसर. उलट दिशाही बंद आहे. आरएफच्या लेन्स एम ५० वर लावायच्या तर सगळा ॲडॅप्टर, त्याच्या दोन्ही बाजूंची कडी आणि विजेचे संपर्कबिंदू धरून, दोन मिमीत बसवायला लागेल. म्हणून या दोन घरांमध्ये लेन्सची देवाणघेवाण नाही. ऑटोफोकससकट दोघांकडे चालते ती फक्त जुनी ईएफ आणि छोट्या सेन्सरसाठीची ईएफ-एस, ॲडॅप्टर लावून.

कॅननवाल्यांना या दोन मिमीची ओळख जुनी आहे. माझ्या काकांनी, ज्यांच्याकडे मी हे काम शिकलो, १९७० च्या दशकाच्या शेवटी एई-१ घेतला होता, ५० मिमी एफ/१.८ लेन्ससकट. तो एफडी माउंट, अंतर ४२ मिमी. १९८७ ला कॅननने ईएफ आणला, अंतर ४४. एफडीच्या लेन्स नव्या बॉडीवर दोन मिमीने अडल्या, आणि लोकांच्या कपाटातल्या चांगल्या लेन्सचे भाव पडले. काकांना तेव्हा सगळ्यांनी विकायला सांगितलं. त्यांनी विकलं नाही, कारण त्यांच्या स्टुडिओतल्या पासपोर्ट फोटोंना आणि गावातल्या लग्नांना एई-१ पुरत होता. पुढची बारा-तेरा वर्षं तो पुरला. मग मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे आले, बॉडीचं अंतर एकदम कमी झालं, आणि त्याच एफडी लेन्स एम ५० सारख्या बॉडीवर २४ मिमीच्या साध्या कड्याने बसायला लागल्या. आज काकांची ती ५० मिमी माझ्या एम ५० वर बसते. ॲपर्चरची रिंग बोटाखाली टक टक करत फिरते, फोकसची रिंग अजून लोण्यासारखी आहे. कुणाला बसवायची असेल तर मेन्यूत "लेन्स नसताना शटर चालू" हा पर्याय सुरू करावा लागतो, नाहीतर कॅमेरा लेन्स ओळखत नाही आणि बटण दाबलं तरी फोटो निघत नाही. फोकस पीकिंग सुरू केलं की फोकसमध्ये आलेल्या कडा लाल चमकतात, मग हाताने फोकस करणं अवघड जात नाही.

ही गोष्ट ऐकून "म्हणजे ईएफ-एमच्या लेन्सनाही पुढे कधीतरी असे दिवस येतील" असा हिशोब मात्र करू नका. काकांची लेन्स पूर्ण यांत्रिक आहे, तिला कुणाच्या विजेची गरज नाही. आपल्या लेन्स बॉडीवर जगतात. त्यामुळे एफडीवाल्यांनी लेन्स सांभाळल्या, आपण बॉडी सांभाळायची. मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच, बाकी सगळं याच्यातूनच निघतं.

आता दुसरी बॉडी कुठली. तुमचे रेसिपीचे व्हिडिओ बघता दुसरा एम ५० किंवा मार्क २ हेच बरं. माइकची जागा आहे, स्क्रीन वळतो, व्ह्यूफाइंडर आहे, आणि मुख्य म्हणजे दोन्हींत बॅटरी तीच, एलपी-ई१२. बजेट अगदीच कमी असेल तर एम २००. त्यात मेगापिक्सेल तेवढेच आणि बॅटरीही हीच, पण माइकची पिन नाही, फ्लॅशचा बूट नाही, व्ह्यूफाइंडर नाही. किल्ल्यावर २२ मिमी लावून खिशात टाकायला मात्र झकास. एम ६ मार्क २ वर पुष्कळांचा जीव असतो, बत्तीस मेगापिक्सेलचा आहे आणि चपळही आहे, पण त्याची बॅटरी वेगळी, एलपी-ई१७. ज्याच्याकडे आधीपासून एम ६ मार्क २ आहे त्याचं एका अर्थाने बरं आहे, कारण ई१७ ही बॅटरी आर ५० आणि आर १० मध्येही चालते, ती बाजारात सहज मिळत राहील. तुमच्याकडे सगळा संसार ई१२ चा आहे, तो मोडू नका.

बॅटरीवर जरा थांबतो, कारण पहिला फटका तिथेच बसतो. एम ५० एका चार्जवर कागदोपत्री २३५ फोटो देतो, आणि किल्ल्यावर थंडीत त्याहून कमी. म्हणजे तुमच्या दोन बॅटऱ्या २०१९ पासून चांगल्याच झिजल्या असणार. आज मूळ कंपनीच्या दोन नव्या मिळत असतील तर त्या घ्या, ३२ मिमीच्या आधी, दुसऱ्या बॉडीच्याही आधी. चार्जरही जपा, कारण एम ५० यूएसबीवरून चार्ज होत नाही. चार्जर गेला की चालू कॅमेरा बंद. स्वस्तातल्या दुसऱ्या कंपन्यांच्या बॅटऱ्या मी वापरल्या आहेत, काही चांगल्या निघाल्या. पण एक एप्रिलच्या उन्हात बॉडीतच फुगली. खण उघडला तर बाहेर येईना, स्प्रिंग ढकलतेय आणि बॅटरी दोन्ही बाजूंनी घट्ट चिकटलेली. स्क्रूड्रायव्हरने उचकटायला गेलो असतो तर ती पेटली तरी असती किंवा संपर्काच्या पट्ट्या तरी वाकल्या असत्या. चिकटपट्टीची लांब घडी करून तिच्या तळाला चिकटवली, बॉडी उलटी धरून हलक्या हाताने ओढत ओढत पंधरा मिनिटांनी सुटली. तेव्हापासून दर महिन्याला प्रत्येक बॅटरी टेबलाच्या काचेवर ठेवून बोटाने गोल फिरवून बघतो. सपाट असेल तर अडखळते, पोट आलं असेल तर भिंगरीसारखी फिरते. फिरली की बाद. वापरात नसलेली बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, निम्मी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी बघत जा.

आईच्या व्हिडिओंसाठी तर बॅटरी लागूच नये. डमी बॅटरी मिळते, तिची वायर बॅटरीच्या झाकणाजवळच्या रबरी खाचेतून बाहेर येते आणि सरळ भिंतीतल्या प्लगला. भाजी शिजेपर्यंत कॅमेरा चालू राहतो आणि बॅटऱ्यांचं आयुष्य वाचतं. हे व्हिडिओ फोर-के मध्ये काढत असाल तर थांबवा. एम ५० फोर-के मध्ये चित्र आणखी कापतो, तुमची १६ मिमी तिथे फुल फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या ३५ मिमी सेन्सरच्या हिशोबाने साधारण ४१ मिमीसारखी वागते, अर्धा ओटा बाहेर जातो. शिवाय फोर-के मध्ये त्याचा चांगला ड्युअल पिक्सेल फोकस बंद होतो, म्हणून आईचा हात पुढे आला की फोकस शोधत बसतो. फुल एचडी ठेवा. मोबाइलवर बघणाऱ्याला पोह्यांवरची कोथिंबीर तेवढीच हिरवी दिसते.

आता हे सगळं कशावर अवलंबून आहे ते प्रामाणिकपणे सांगतो, कारण माझं "राहा" सगळ्यांसाठी नाही. तुम्ही उद्यापासून लग्नं घेणार असाल तर मी म्हणेन, निघा. आणि आर ५० कडेही नको, आर ७ कडे बघा, कारण त्यात दोन कार्डं बसतात. एका कार्डावर दुसऱ्याच्या मुलीचं लग्न घेऊ नये, हे काकांनी नाही शिकवलं, मी स्वतः ठरवलंय. नांदूर मधमेश्वरला पक्षी टिपायचा नाद लागला असेल तरी निघा. उडता पक्षी धरून ठेवणं एम ५० च्या फोकसला जमत नाही, आर १० आणि आर ७ ला जमतं. रेसिपीचा चॅनल पोटापाण्याचा झाला आणि फोर-के हवंच असेल तर आर ५० पूर्ण रुंदीचं फोर-के देतो, तिथे जाण्यात अर्थ आहे. आणि ज्याच्याकडे फक्त बॉडी आणि १५-४५ आहे, त्याने तर फार विचारच करू नये, त्याचं यात अडकलेलंच थोडं आहे.

तुमच्या बाबतीत यातलं काही लागू नाही. तुमचं अडकलंय ते चार लेन्समध्ये, आणि त्या चारही तुम्ही खरंच वापरता. विकायचं ठरवलं तर हिशोब असा मांडा. कागदाच्या डाव्या बाजूला हातात येणारी रक्कम लिहा, म्हणजे दुकानदार प्रत्यक्ष देतोय ती, जाहिरातीत दिसते ती नव्हे. उजव्या बाजूला आज जे फोटो काढता तेच तिकडे काढायला लागणाऱ्या वस्तू लिहा. आर ५० सोबत १८-४५ येते. तुमची १५-४५ फुल फ्रेमच्या मापाने २४ पासून सुरू होते, ती २९ पासून. साल्हेरच्या माथ्यावर हा फरक चांगलाच जाणवतो, मागे सरकायला जागा नसते. म्हणजे १०-१८ घेणं आलं. सिग्माची १६ मिमी आरएफमध्ये मिळते, ती पुन्हा विकत. ५५-२०० च्या जागी ५५-२१०. आणि तुमच्या २२ मिमी एफ/२ ला, १०५ ग्रॅमच्या त्या चपट्या लेन्सला, कॅननने आरएफमध्ये जोड दिलेली नाही. २८ मिमी एफ/२.८ चपटी आहे, पण ती एक पायरी अंधारी आणि जास्त अरुंद. दोन्ही बाजूंच्या बेरजांमधला फरक म्हणजे तेच फोटो पुन्हा काढण्यासाठी भरायची रक्कम. त्यात तुम्हाला किती किल्ल्यांच्या वाऱ्या होतील ते बघा. मित्र म्हणतो की भाव अजून पडतील. पडतील, खरं आहे. पण पडणारे भाव विकणाऱ्याला नडतात, तुम्ही तर घेणाऱ्याच्या बाजूला आहात. दुसरी बॉडी तुम्हाला त्याच पडत्या भावात मिळणार आहे.

३२ मिमीबद्दल. लेन्स म्हणून ती या माउंटवरची कॅननची सगळ्यात चांगली, माझ्याकडे आहे आणि मी ती विकणार नाही. पण तुमच्याकडे उजेडाच्या दोन लेन्स आधीच आहेत. कमतरता आहे ती मुलीच्या चेहऱ्यासाठी थोड्या लांब लेन्सची. तिथे मी ईएफची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम आणि ॲडॅप्टर सुचवीन. एम ५० वर ती ८० मिमीसारखी वागते, ऑटोफोकस पूर्ण चालतो, आणि पाच वर्षांनी आरएफकडे गेलात तर तिकडचा ॲडॅप्टर लावून तीच लेन्स सोबत येते. बंद माउंटमध्ये राहून नवी लेन्स घ्यायची तर अशी घ्यावी. अपवाद एकच, जी वस्तू या माउंटशिवाय कुठेच मिळत नाही. तुमची २२ त्यातली, म्हणून तिला जपा.

जपण्याचं मोठं काम फंगसचं. तुमच्याकडे आमच्यासारखा दमटपणा नाही, तरी पावसाळी ट्रेकनंतर ओली बॅग तशीच कपाटात जाते, हे मी ओळखून आहे. एका वर्षी मी ११-२२ कातडी पिशवीत ठेवली ती जूनपासून गणपतीपर्यंत उघडली नाही. काढली, मोबाइलची टॉर्च मागून तिरकी मारली, तर पुढून दुसऱ्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे, मध्याकडे सरकत आलेले. पुढच्या काचेवर असतं तर पुसलं गेलं असतं. आत होतं, आणि साफ केल्यावरही कोटिंगवर त्याचा ठसा राहिला. आजही उन्हाकडे तोंड केलं की त्या लेन्सच्या फोटोत पांढुरकी झाक येते. चालू माउंटची लेन्स असती तर नवी घेतली असती. आपल्याला तो रस्ता नाही. तेव्हा कातडी आणि फोमच्या पिशव्या काढून टाका. किराणा दुकानात मिळतो तसा रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या, त्यात रंग बदलणारी सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. त्याहून फार कोरडंही नको. जेलचा रंग बदलला की लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतून घ्या, पण तो तवा पुन्हा पोळ्यांना वापरू नका. आणि लेन्स वापरत राहा. महिन्यातून एकदा प्रत्येक लेन्स लावून दहा फोटो काढले की झूमही सैल राहतो आणि काही बिघडत असेल तर वेळेत कळतं.

दुरुस्तीचं थोडक्यात. मॉडेल बंद झाल्यावरही कंपन्या काही वर्षं सुटे भाग ठेवतात, कायम नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरला तुमच्या बॉडीचं आणि लेन्सचं नाव देऊन ईमेलवर विचारा की दुरुस्ती कधीपर्यंत घेणार. तोंडी उत्तर नको. काही बारीक काम करून घ्यायचं असेल, सैल बटण किंवा कुरकुरणारा डायल, तर त्या मुदतीच्या आत करून घ्या. त्यानंतर मुंबईत फोर्टला बोरा बाजारात जुने कारागीर आहेत, ते एका बॉडीचा भाग दुसऱ्या बॉडीला लावतात. म्हणून तुमची पहिली बॉडी मेली तरी भंगारात देऊ नका, स्क्रीन आणि माउंटचं कडं तिच्यातून निघतं.

आणि थांबायचं कुठे, तेही आजच ठरवून ठेवा, म्हणजे पुढे कुणी काही बोललं की पुन्हा डळमळायला नको. माझी रेघ अशी आहे की दोन्ही बॉडी गेल्या की संपलं, तिसरी शोधायची नाही. त्या दिवशी ईएफच्या लेन्स पुढे न्यायच्या आणि ईएफ-एमच्या ज्याला चालतील त्याला देऊन टाकायच्या.

दुसरी बॉडी बघायला जाल तेव्हा तुमची २२ मिमी, चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड सोबत न्या. पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ वर फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा. धूळ ब्लोअरने उडते, ओरखडा जात नाही. स्क्रीन सगळ्या बाजूंना हळू फिरवून बघा, कुठल्याही कोनात चित्र लुकलुकलं तर आतली पट्टी तुटायला आलेली आहे, ती बॉडी सोडा. माइकच्या पिनेत माइक लावून मिनिटभर रेकॉर्ड करा आणि ऐका. लेन्सच्या कड्याचे चार स्क्रू बघा, डोकी झिजलेली असतील तर कुणीतरी आधी उघडलेली आहे. बॅटरीच्या खणात नाक नेऊन वासही घ्या, कुबट आला तर पाणी पिऊन आलेली बॉडी आहे. आमच्याकडे २०२१ नंतर अशा बऱ्याच बॉडी पुसून-पासून बाजारात आल्या होत्या, आणि त्या वरून अगदी नव्यासारख्या दिसायच्या.